हात बसतो, खेळ बसत नाही

खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मन बदलायची मुभा नसते. एकदा दिशा घेतली की खांब येईपर्यंत तीच दिशा. मध्यपाटी ओलांडायची नाही, मागे वळायचे नाही. पळणारीला मात्र रान मोकळे असते. ती थांबते, वळते, बसलेल्या दोघींच्या मधून पलीकडे सटकते. ती पलीकडे गेली की पाठलाग करणारीपुढे एकच मार्ग उरतो. बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीवर हात टेकवून ‘खो’ म्हणायचे आणि तिच्या जागी बसायचे. बसलेल्या आठ जणींची तोंडे एकाआड एक उलट दिशांना असतात. त्यामुळे खो कोणाला दिला, त्यावर पाठलाग कोणत्या बाजूला जाणार ते ठरते. हा निर्णय धावता धावता, एखाद्या पावलाच्या अवधीत घ्यावा लागतो.

म्हणूनच खेळातले कौशल्य माणूस कसे शिकतो हे समजून घ्यायला खो-खोइतका चांगला खेळ नाही असे मला वाटते. पायांचा वेग, पाठीचा बाक, हाताचा नेमका स्पर्श, समोरचीच्या खांद्यावरून तिचा बेत ओळखणारी नजर, हे सगळे यात एकाच वेळी लागते. आणि हा खेळ पाहायला धाराशिवच्या मैदानावर जावे.

बालाघाटाच्या पठारावरचा, पावसाच्या भरवशावर जगणारा हा जिल्हा. खो-खोने त्याचे नाव देशाबाहेर नेले. इथल्या सारिका काळे २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिला संघाच्या कर्णधार होत्या आणि भारताने सुवर्णपदक जिंकले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा पुरस्कार १९९८ मध्ये शोभा नारायण यांच्यानंतर प्रथमच, तब्बल २२ वर्षांनी मिळत होता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असे हरवले. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. या खेळाडूंच्या मागे चंद्रजित जाधव यांच्यासारख्या प्रशिक्षकांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. जवळजवळ दहा वर्षे आपण दिवसातून एकदाच जेवून खेळत होतो, असे सारिका काळे यांनी पुरस्काराच्या वेळी सांगितले होते. ज्या शरीराला जेवणच एकदा मिळते त्याच्याकडून तीन तास सराव करून घ्यायचा की एक तास, हा प्रश्न अशा जिल्ह्यात पुस्तकी राहत नाही.

मेहनत लागते हे सगळ्यांना ठाऊक आहे. किती मेहनत, यावर गावागावांत चर्चाही होते. ती कोणत्या क्रमाने करायची, मध्ये किती विसावा द्यायचा आणि काय मिसळून करायचे, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. शिकण्याचे बरेचसे गणित नेमके तिथे असते.

शाळेच्या मैदानावरचा नेहमीचा सराव डोळ्यांसमोर आणा. सकाळचे साडेसहा. मुरमावर फक्कीने मैदान आखलेले. आठ मुली चौरसांत बसल्या आहेत. नवव्या मुलीला सर सांगतात, ‘तिसऱ्या चौरसावर खो दे.’ ती धावत येते, वाकते, खो देते. पुन्हा तेच, वीस वेळा. पहिल्या पाच वेळा हात पाठीऐवजी खांद्यावर पडतो, कधी खो आधी ओरडला जातो आणि हात मागून पोहोचतो. दहाव्या वेळेनंतर सगळे जुळते. विसाव्या वेळी तर पाहत राहावे असा खो पडतो. सर खूश, मुलगी खूश. मग दुसरे कौशल्य हाती घेतले जाते, तेही वीस वेळा.

तीच मुलगी चार दिवसांनी सामन्यात तिसऱ्या चौरसाजवळ येते आणि चुकते. सर कपाळाला हात लावतात, ‘अगं, इतका सराव करून घेतला!’

घोळ असा आहे की सरावाच्या वेळी दिसणारी सफाई आणि अंगात मुरलेले कौशल्य या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. वीस वेळा तेच केल्यावर विसाव्या वेळी मुलीला नव्याने काही ठरवावेच लागत नाही. एकोणिसाव्या वेळची हालचाल अजून अंगात ताजी असते, तीच पुढे ढकलली जाते. सामन्यात मात्र प्रत्येक खो पहिलाच असतो. त्याच्या आधी तसाच खो दिलेला नसतो, त्याच्यानंतरही तसाच येणार नसतो.

अमेरिकेत जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी १९७९ मध्ये यावर एक साधा प्रयोग केला. हाताने करायच्या तीन वेगवेगळ्या हालचाली लोकांना शिकवल्या. एका गटाला पहिली हालचाल पुरी झाल्यावर दुसरी, मग तिसरी, अशी सलग दिली. दुसऱ्या गटाला तिन्ही उलटसुलट मिसळून दिल्या. शिकताना पहिला गट स्पष्टपणे पुढे होता. दहा दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा मिसळून शिकलेला गट पुढे निघाला. १९८६ मध्ये गूड आणि मॅगिल यांना बॅडमिंटनच्या मैदानावर हेच दिसले. नवख्या विद्यार्थिनींना तीन प्रकारच्या सर्व्हिस शिकवल्या. रोज एकाच प्रकारावर भर देणाऱ्या मुलींपेक्षा तिन्ही प्रकार मिसळून शिकलेल्या मुलींना त्या जास्त लक्षात राहिल्या, शिवाय कोर्टाच्या दुसऱ्या बाजूने सर्व्हिस करायला लावली तेव्हाही त्याच सरस ठरल्या. १९९४ मध्ये महाविद्यालयीन बेसबॉलपटूंना सहा आठवडे जादा फलंदाजी दिली गेली. काहींना वेगवान, वळणारे आणि संथ चेंडू पंधरा-पंधराच्या गठ्ठ्याने, काहींना तेच पंचेचाळीस चेंडू मिसळून. शेवटी सामन्यासारखी चाचणी झाली तेव्हा गठ्ठ्याने खेळलेल्यांची कामगिरी सुमारे २५ टक्क्यांनी सुधारली होती, मिसळून खेळलेल्यांची ५७ टक्क्यांनी. चेंडू दोघांना सारखेच मिळाले होते, फरक फक्त क्रमाचा.

हेच आता मुरमाच्या मैदानावर आणा. धावणाऱ्या मुलीला आधी काही सांगायचे नाही. पुढे एक पळणारी सोडायची आणि खो कुठे द्यायचा हे त्या पळणारीच्या चालीवर सोडून द्यायचे. एकदा तिसरा चौरस, एकदा सातवा, एकदा खो न देता थेट खांबापर्यंत धाव. मध्येच सूर मारण्याची संधी, मध्येच हुलकावणी. असा सराव बघायला चांगला वाटत नाही. खो चुकतात, मुली वैतागतात, कुंपणाशी उभे असलेले पालक म्हणतात, ‘यांना अजून काहीच येत नाही.’ या अवस्थेत प्रशिक्षकाचा धीर सुटतो आणि तो पुन्हा वीस-वीसच्या गठ्ठ्यांकडे वळतो. माझ्या मते शालेय खेळातले सर्वांत मोठे नुकसान इथे होते.

अर्थात पहिल्याच दिवशी सगळे कालवून पुढ्यात ठेवायचे नसते. पाचवीतल्या ज्या मुलीला पाय कुठे टेकवायचा हेच कळलेले नाही, तिला काही दिवस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करू द्यावी. हालचालीचा ढोबळ आकार अंगात यायला ते लागते. शिवाय लहान मुलांत मिसळण्याचा फायदा मोठ्यांइतका ठळक दिसत नाही आणि प्रयोगशाळेत जेवढा दिसतो तेवढा मैदानावर दर वेळी मिळतोही असे नाही. पण आकार आला, दहापैकी सहा-सात खो नीट पडू लागले, की गठ्ठा फोडायलाच हवा. आपल्याकडे तो आठवी-नववीपर्यंत फुटत नाही.

तोडून शिकवायचे की अख्खे, हा दुसरा जुना वाद. शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत भाग पद्धती आणि संपूर्ण पद्धती अशी नावे पाठ करून घेतात, पण कोणती कुठे वापरायची हे विद्यार्थ्याच्या हाती लागत नाही. नेलर आणि ब्रिग्ज यांनी १९६३ मध्ये दिलेली कसोटी अजूनही कामाची आहे. एखाद्या कौशल्याचे तुकडे एकमेकांपासून सुटे असतील आणि कौशल्य अवघड असेल तर तोडून शिकवावे. तुकडे एकमेकांत घट्ट विणलेले असतील तर अख्खे शिकवावे.

खांबावरचा सूर घ्या. पळणारी खांबाच्या आडोशाने पलीकडे उभी आहे. पाठलाग करणारी वेगाने येते, एका हाताने खांब पकडते, त्या हातावर सगळे वजन टाकून अंग जमिनीलगत पलीकडे झोकते आणि मोकळ्या हाताने पळणारीला टिपते. हे थेट वेगात शिकवले तर मुलगी हनुवटीवर आपटेल. म्हणून आधी खांबाजवळ उभे राहून नुसती पकड, पंजा किती उंचीवर आणि अंगठा कुठे ते. मग पकड ठेवून अंग झुकवणे. मग दोन पावलांवरून, मग पाच, मग पूर्ण वेगात. प्रत्येक पायरीवर मागचा तुकडा पुढच्याला जोडत न्यायचा. इथे तोडणे शहाणपणाचे आहे, कारण भीतीही तुकड्यातुकड्याने जाते.

खो देण्याचे तसे नाही. जवळच्या पायावर भार टाकून खो द्यायचा की लांबच्या, हे शेवटच्या तीन-चार पावलांच्या लयीवर ठरते. जागेवर उभे राहून, वाकून पाठीला हात लावण्याचा सराव शंभर वेळा केला तरी तो धावतानाच्या खोला लावता येत नाही, कारण शिकायची आहे ती लयच. हवे तर वेग कमी करा, हलक्या पळीने करा, पण धाव आणि खो यांची फारकत करू नका. उठण्याचेही तसेच आहे. दोन्ही चवडे समांतर ठेवून बसणे असो की धावपटूसारखा एक पाय मागे टाकलेली ‘बुलेट’ बैठक असो, पाठीवर हात पडल्याशिवाय उठण्याला काही अर्थ नाही. शिट्टीवर उठायची सवय लागलेली मुलगी सामन्यात खो मिळण्याआधीच उठते आणि फाउल होतो.

आता वेळेचे पाहू. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेची तारीख लागली की पंधरा दिवस आधी शाळा जागी होते. दहावी-बारावीला मिळणारे सवलतीचे गुण आणि पुढे सरकारी नोकरीतले खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण पालकांच्या डोळ्यांसमोर असते. मग तास बुडवून सकाळी दोन तास आणि दुपारनंतर दोन तास सराव चालतो. ब्रिटनमध्ये ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी टपाल खात्यातल्या कर्मचाऱ्यांना कळफलक शिकवताना, सराव असा कोंबावा की पसरून द्यावा हे तपासले होते. त्यांचा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही जण रोज एकच तास शिकले, काही दिवसातून दोनदा दोन-दोन तास. रोज एक तासवाल्यांना सर्वांत कमी तास लागले आणि चार तासवाल्यांना सर्वांत जास्त. पण गंमत पाहा, आपल्या वेळापत्रकावर सर्वांत नाराज होते ते रोज एक तासवालेच. दिवसांच्या हिशेबात इतर लोक त्यांच्या पुढे गेलेले दिसत होते ना.

टंकलेखन आणि खो-खो यांत फरक आहे हे उघड आहे. खो-खोत थकवा त्याहून मोठा. अडीच-तीन तास झाल्यावर पाय जड होतात, मुलगी वाकण्याऐवजी नुसती झुकते, आणि त्या चुकीच्या वाकण्याचाच सराव होत राहतो. घरून चहा-बिस्किटावर निघालेल्या मुलीच्या बाबतीत हे एका तासातच होते. म्हणून स्पर्धेआधीच्या पंधरा दिवसांत साठ तास कोंबण्यापेक्षा जुलैपासून आठवड्याला चार-पाच तास दिले तर कमी तासांत जास्त काम होते. मराठवाड्यात यात खरी अडचण सोयाबीनच्या काढणीची असते. मुली शेतात लागतात, महिनाभर मैदान ओस पडते. त्या महिन्यात आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास जरी पाय मैदानाला लागले तरी मागचे टिकते. ते शून्यावर आणू नये एवढेच.

सरावातल्या विविधतेबद्दल कर आणि बूथ यांनी १९७८ मध्ये आठ वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग मला फार आवडतो. मुलांनी छोटी पिशवी फेकून निशाण साधायचे होते. एका गटाने सगळा सराव तीन फुटांवरून केला, दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवरून. परीक्षा तीन फुटांवर होती. तीन फुटांवरून एकदाही न फेकलेला गट जिंकला. निरनिराळ्या अंतरांवरून फेकताना हात अंतराचा हिशेब शिकतो आणि मग मधले अंतर त्याला परके राहत नाही.

तालमीतल्या वस्तादांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीची कुस्ती धाराशिवलाच झाली आणि शिवराज राक्षे विजेता ठरला. त्या आखाड्यात उतरलेल्या कोणत्याही मल्लाला विचारा, तालमीत जोड बदलत ठेवतात. कधी हलका गडी, कधी भारी, कधी डावखुरा. एकाच जोडीदाराशी वर्षभर लढलेला मल्ल त्या एका जोडीदाराचा जाणकार होतो, बाहेरचा गडी आला की गडबडतो. खो-खोत मात्र शाळेची तीच बारा पोरे वर्षभर एकमेकांविरुद्ध खेळतात. कोण कुठे वळणार हे सगळ्यांना पाठ असते. शेजारच्या शाळेचा संघ महिन्यातून एकदा बोलवावा, मुलामुलींची मिसळ करावी, धाकट्यांना थोरल्यांपुढे पळवावे. खर्च काही नाही.

मैदानाचाही प्रश्न आहे. राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय सामने आता मॅटवर होतात, दिल्लीचा विश्वचषकही मॅटवरच झाला. तालुक्यातल्या मुली मुरमावर वाढतात. मुरमावर पाय किंचित घसरतो, वळताना ते गृहीत धरून वळावे लागते. मॅटवर बूट जागच्या जागी चिकटतो आणि त्याच वळणाने गुडघ्याला हिसका बसतो. उलट सूर मारायला मॅटवर भीती कमी. मॅट प्रत्येक शाळेला मिळणार नाही, पण मोठ्या स्पर्धेआधी निवडलेल्या मुलींना जिल्हा क्रीडा संकुलात मॅटवर थोडे थोडे करून बऱ्याच वेळा खेळू द्यायला हवे. एकदाच नेऊन दिवसभर खेळवण्याने ते साधत नाही.

सरावातली आणखी एक गोष्ट म्हणजे रेषेबाहेरून होणारा आरडाओरडा. ‘डावीकडे! सूर मार! खो दे, खो दे!’ प्रशिक्षकाची तळमळ खरी असते, त्याबद्दल मला आदर आहे. पण प्रत्येक चालीला उत्तर बाहेरून आले तर मुलगी स्वतः उत्तर शोधायला शिकत नाही. विन्स्टाइन आणि श्मिट यांनी १९९० मध्ये दाखवले की प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितलेल्यांपेक्षा निम्म्याच प्रयत्नांनंतर निकाल सांगितलेल्यांना पुढे जास्त लक्षात राहते. चार खो होऊ द्यावेत, मग मुलीलाच विचारावे, ‘दुसरा का चुकला?’ तिने सांगितले की मगच आपले बोलावे. नियमाचे उल्लंघन किंवा दुखापतीचा धोका असेल तर अर्थातच तिथल्या तिथे थांबवावे.

आणि बसलेल्या आठ जणींचे काय? खो-खोत वेळेचा मोठा भाग बसण्यात जातो. बरेच प्रशिक्षक तो वेळ विश्रांतीचा मानतात. ॲबरनेथी आणि रसेल यांनी १९८७ मध्ये बॅडमिंटनपटूंना फटक्याचे दृश्य मध्येच तोडून दाखवले होते. नवखे रॅकेटकडे पाहून अंदाज बांधत होते. कसलेले खेळाडू त्याच्याही आधी, रॅकेट धरलेल्या हाताच्या हालचालीवरून फटका ओळखत होते. ही नजर पाहूनच तयार होते, पण नुसते डोळे उघडे ठेवून नाही. बसलेल्या मुलीने पळणारीचे खांदे आणि कंबर पाहावी आणि ती वळण्याआधी मनात ठरवावे, डावी की उजवी. बरोबर निघाले की चूक, हे पुढच्याच क्षणी समोर दिसते. आपल्याला खो मिळाला तर पहिले पाऊल कोणते टाकायचे हेही मनात करून ठेवावे. मनातल्या मनात केलेला सराव प्रत्यक्ष सरावाची जागा घेत नाही, पण काहीच न करण्यापेक्षा त्याने फरक पडतो हे फेल्ट्झ आणि लँडर्स यांनी १९८३ मध्ये साठ अभ्यास एकत्र तपासून दाखवले आहे. पाय मुरगळून कुंपणाशी बसलेल्या मुलीलाही हे काम देता येते.

एवढे सगळे एका तासात बसवायचे तर मी असे बसवेन. पहिली दहा मिनिटे अंग मोकळे करणे. पुढची दहा नव्या किंवा कच्च्या कौशल्याला, तीही दोन तुकड्यांत, मध्ये दुसरे काही. मग अर्धा तास मिसळ, म्हणजे तिघी-तिघींच्या तुकड्या पळत आहेत, पाठलाग चालू आहे, प्रशिक्षक गप्प आहे आणि दर पाच मिनिटांनी पळण्याची अट बदलते. एकदा फक्त एकेरी साखळी, म्हणजे बसलेल्या एकेकीला वळसा घालत नागमोडी पळणे, एकदा खांबाभोवतीच, एकदा वाटेल तसे. शेवटची दहा मिनिटे मुलींनी बोलायचे.

प्रगती मोजायची ती त्याच दिवशी मोजू नये. रविवार सुट्टीचा जाऊ द्यावा. सोमवारी अंग मोकळे झाल्या झाल्या, एकही सराव-धाव न देता, प्रत्येकीला एकच संधी द्यावी. समोर पळणारी, खो कुठे द्यायचा ते तिने ठरवायचे. तो पहिला प्रयत्न वहीत लिहावा, बरोबर किंवा चूक, आणि चूक असेल तर हात चुकला, पाऊल चुकले की निर्णय चुकला. चार-पाच सोमवार झाले की कोणत्या मुलीला काय द्यायचे ते त्या वहीतच दिसते.